आमच्या दारातला अक्कांचा बोर्ड

“आम्ही व्हिसावर आहोत, आम्हाला मत नाही,” असं मी दारातूनच सांगून टाकलं, तेव्हा मत मागायला आलेल्या अक्का चक्क चिडल्या.

“कोणी सांगितलं तुला?”

सांगितलं कोणीच नव्हतं. इंग्लंडात, लीड्समधल्या आमच्या सगळ्या मराठी घरांत ते नुसतं गृहीत धरलेलं.

“भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, आणि कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथे मत असतं. इथे कायदेशीर राहतेस, टॅक्स भरतेस. नाव नोंदव आणि मत दे.”

अक्का म्हणजे तमिळ वकीलबाई. लढाईच्या काळात श्रीलंकेतल्या जाफन्याहून आईचं बोट धरून आल्या, इथेच शिकल्या. चिकन शॉपच्या वरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं लोकांच्या व्हिसाच्या आणि घरभाड्याच्या केसेस लढल्या. माझीसुद्धा लढल्या. कंपनीने कागदांचा घोळ घातला आणि मला देश सोडायची पाळी आली, तेव्हा याच बाईने मला वाचवलं होतं. आता त्या आमच्या वॉर्डातून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला उभ्या होत्या. म्हणाल्या, “निर्णय झाल्यावर भांडून दमले गं. आता निर्णय होतात त्या खोलीत बसायचंय.”

मी त्याच संध्याकाळी त्यांचा प्रचाराचा बोर्ड पुढच्या गार्डनमध्ये ठोकला. सकाळी बघते तर बोर्ड कचऱ्याच्या व्हीली बिनच्या मागे! हे आमच्या पुणेकर नवऱ्याचे प्रताप.

“कायम राहायचा सेटलमेंटचा अर्ज तोंडावर आलाय. उगाच कशाला कोणाच्या डोळ्यावर यायचं?”

“मत दिलं म्हणून कोणी हाकलत नाही. वकिलाने सांगितलंय.”

“वकील स्वतःच उभ्या आहेत!”

“भित्री भागूबाई कुठली,” म्हटलं आणि बोर्ड परत ठोकला. मी नागपूरची आहे, मला गप्प बसायचं औषध अजून सापडलेलं नाही. त्याने काढायचा, मी ठोकायचा, असं रोज चाललं. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘इथे राजकारण नको.’ मी लिहिलं, ‘मग बिन उचलत नाहीत म्हणून रोज इथे रडता कशाला?’ बाप्पा! अ‍ॅडमिनने माझा मेसेजच उडवला.

शनिवारी मी अक्कांबरोबर दारोदार फिरले. एका घरी एका माणसाने लीफलेट बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “आपल्या देशात परत जा.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्का शांतपणे म्हणाल्या, “जाते, पण आधी तुमच्या शेजारी जायचंय. हे ठेवून जाऊ का?” गेटबाहेर आल्यावर मात्र यादीतल्या त्या घरावर त्यांनी दोनदा काट मारली. मी त्यांचा हात धरला. एवढ्या वर्षांनीसुद्धा या बाईला असं ऐकावं लागतं, याचा मला भयंकर संताप आला.

मतदान शाळेच्या हॉलमध्ये होतं. नवऱ्याने नाव नोंदवलंच नव्हतं, मला सोडून तो गाडीत बसून राहिला. मी फोटो आयडी म्हणून भारतीय पासपोर्ट पुढे केला. टेबलावरच्या मुलीने तो उलटापालटा करून बघितला आणि साहेबांना बोलावलं. मागे रांगेत लोक उसासे टाकायला लागले. मी म्हटलं, “सावकाश बघा. मी सुट्टी काढून आलेय.” साहेबांनी बघितलं, मान डोलावली आणि मला मतपत्रिका मिळाली. पेन्सिलीने फुली इतकी दाबून मारली की कागद फाटतो की काय असं वाटलं.

अक्का हरल्या. अगदी थोडक्यात. आमच्या दोन गल्ल्यांतल्या मराठी माणसांनी मत दिलं असतं तरी निवडून आल्या असत्या. हे मी घरी येऊन ओरडून सांगितलं, मग रडले. नवऱ्याने निकालाचे आकडे फोनवर पुन्हा काढून बघितले.

रविवारी अक्का स्वतः बोर्ड गोळा करत आमच्या दारी आल्या. चेहरा ओढलेला, पण म्हणाल्या, “पुढच्या मे महिन्यात वॉर्डातली दुसरी जागा निघतेय, परत उभी राहणार आहे. मला टाळून जातात कुठे!” आणि बोर्ड उपटायला वाकल्या.

नवरा चप्पल न घालताच बाहेर धावला. त्याने बोर्डाची काठी धरली आणि चांगली खोल दाबली.

“राहू द्या, अक्का,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी माझंही मत आहे.”