माणसांसकट आवाज

जपानमध्ये मी रॉकचे तीन कार्यक्रम उभं राहून ऐकले, हे जालन्यात ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी मला उलट एकच विचारलं, तिथं साप खातात का? मी खाल्ला नाही, एवढंच मला माहीत. दोन-चार वर्षं नेटानं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. ज्याला सांगायचं होतं तोच विचारत नव्हता, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसायचं?

तो म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा तो नववीत होता आणि मी चौथीत. त्यानं दप्तर खुंटीला टांगलं आणि औत धरलं, म्हणून मी शिकलो आणि नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत लागलो. तो पिंपळगाव रेणुकाईलाच राहिला. शेती झाली की त्याचा एकच नाद, पखवाज. रेणुकाईच्या देवळात भजन असलं की दादाच वाजवणार. त्याची बोटं जात्याच जाडजूड, पण पखवाजावर पडली की पाण्यासारखी हलकी होत.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या कंपनीत एक जपानी तज्ज्ञ आला. त्याला जीपमधून प्लॉट दाखवत फिरवायचं काम माझ्याकडे होतं. भोकरदनकडे गेलो तेव्हा त्याला आमच्याच शेतात नेलं. दादानं त्या वर्षी कपाशीचा बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला होता. बांधावर बसून भाकरी खाताना पाहुण्याच्या कानात वायर दिसली. दादानं खुणेनंच विचारलं, काय ऐकून राह्यले? पाहुण्यानं वायरीच्या टोकाची ती दोन्ही बोंडं काढून दादाच्या कानात घातली.

दादाचा घास हातातच राहिला. मग तो मोठ्यानं ओरडला, कारण कानात वायर असताना सगळेच ओरडतात, "अरे, ह्यो वाजिवणारा माणूस हाय का इंजिन!"

ते जपानी रॉक होतं. शब्द एकही कळत नव्हता, पण ड्रम वाजवणारा असा काही वाजवत होता की दादा मांडीवर ठेका धरून बसला. पाहुणा जाताना ती कॅसेट दादालाच देऊन गेला. पुढची दोन वर्षं आमच्या घरात हरिपाठाच्या कॅसेटीशेजारी ती राहिली. मी गावी गेलो की आम्ही दोघं ती लावून बसायचो. वहिनी म्हणायची, ह्या दोघा भावांना बाधा झाली. मला ते संगीत आवडलं हे खरं, पण आधी आवडला तो दादाचा ते ऐकतानाचा चेहरा.

मग कंपनीनं मला नऊ महिने प्रशिक्षणाला जपानला पाठवायचं ठरवलं. जालना स्टेशनवर दादा पोचवायला आला होता. बाकीचे लोक तब्येत सांभाळ, पत्र टाक, असं म्हणत होते. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या लोकाइचा कार्यक्रम बघाय जा. अन् माझ्यासाठी आवाज आण. कॅसेट आण असं न्हाई म्हणून राह्यलो, कॅसेट हाय माझ्याकडं. खरा आवाज. माणसांसकट आण."

आयुष्यात त्यानं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

जपानमध्ये मी टोकियोपासून तासाभरावरच्या एका गावात, कंपनीच्या वसतिगृहात राहत होतो. दिवसभर हरितगृहात टोमॅटोच्या फुलांचं नर-मादी बघायचं आणि संध्याकाळी खोलीत भात शिजवायचा. माणसं वाईट नव्हती, उलट फार चांगली होती. इतकी चांगली, की भांडायलाही कोणी मिळेना. ज्याला रोज कोणाशी तरी हुज्जत घातल्याशिवाय जेवण जात नाही, अशा जालनेकराचं तिथं काय होतं ते मी भोगलं. मी टोमॅटोशी मराठीत बोलायला लागलो होतो.

दुसऱ्या महिन्यात कळलं की दादाच्या कॅसेटवालेच लोक जवळच्या शहरात एका लहान सभागृहात वाजवणार आहेत. तिकीट काढलं. त्यावर एक क्रमांक होता. दारात एक बाई एकेक क्रमांक पुकारते आणि त्या क्रमानं माणसं आत जातात, ही तिथली रीत. ना ढकलाढकली, ना खिडकीतून रुमाल टाकणं. आकडे ती इतक्या झपाट्यानं पुकारत होती की माझा क्रमांक कधी येऊन गेला ते मला समजलंच नाही. मी सगळ्यात शेवटी आत गेलो आणि लोकांच्या नुसत्या पाठी बघून परत आलो.

मग मी आकड्यांचा अभ्यास केला. टोमॅटोचे पुंकेसर काढताना चिमट्यागणिक एकेक आकडा मोठ्यानं म्हणायचा. सातला ते लोक 'नाना' म्हणतात. दर सातव्या फुलाला मला आमचे नानाकाका आठवायचे आणि त्यांच्यामागून सगळं घर.

दुसऱ्या कार्यक्रमाला मधे कुठेतरी उभा राहिलो. तिथं ऐकण्याची तऱ्हाच निराळी. गाणं चालू असताना सगळे हात एकदम वर जातात, एकदम खाली येतात. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, की एकदम चूप. एवढ्या माणसांत कोणी खोकतसुद्धा नाही. माझ्या चहूबाजूंनी हातभर जागा मात्र मोकळी राहिली होती. परक्या माणसाला धक्का लागू नये म्हणून ते अदबीनं सरकले होते. मला तो धक्का हवा होता. एकदा जरी कोणाचा कोपर लागला असता तरी बरं वाटलं असतं. नऊच्या आत सगळं आटोपलं. आमच्याकडे नऊला भजनी मंडळाचा चहासुद्धा झालेला नसतो.

तिसऱ्या कार्यक्रमाला मात्र माझा क्रमांक बाराच्या आत होता. मी जुन्या सामानाच्या दुकानातून एक टेपरेकॉर्डर आणला होता, चांगला पाटीएवढा. कोरी कॅसेट घातली आणि कापडी पिशवीतून घेऊन गेलो.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. त्या काळी गावात भजन, भारूड काहीही असलं की ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर असेल तो घेऊन यायचा आणि थेट बुवांच्या पुढ्यात ठेवायचा. कधी कधी आठ-दहा टेप ओळीनं मांडलेले असत. जितके टेप जास्त तितका बुवाचा मान मोठा. बुवा स्वतः विचारायचे, "झाले का सगळ्यांचे चालू?" सगळ्यांच्या कळा दाबून झाल्या की मगच तोंड उघडायचे. एखाद्याच्या पुढ्यात एकही टेप नसला तर त्याला कोणी विचारत नाही असं समजायचं.

सभागृहाच्या दारात टेपरेकॉर्डरच्या चित्रावर तांबडी फुली मारलेली पाटी होती. मी ती पाहिली होती, खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, ते चोरून करणाऱ्यांसाठी आहे. मी कुठं चोरून करत होतो? मी पहिल्या रांगेत गेलो, मंचाच्या कडेवर मधोमध टेपरेकॉर्डर ठेवला, तांबडी कळ दाबली आणि हात जोडून उभा राहिलो. मनात म्हटलं, बघा, तुमचा एवढा मान जालना जिल्ह्यानं केला.

पंधरा-वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरासा आधी काळ्या कपड्यांतला एक पन्नाशीचा माणूस मंचावरून आला, गुडघ्यांवर बसला, वाकला, आणि काहीतरी फार हळू बोलला. मी हसून मान डोलावली. त्यानं पुन्हा वाकून कळ बंद केली आणि टेपरेकॉर्डर दोन्ही हातांनी उचलून आत नेला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मागे वळून पाहिलं. एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. सगळ्यांनी माझी लाज राखण्यासाठी नजरा दुसरीकडे वळवल्या होत्या. गावाकडे असतं तर चार जणांनी मला झापलं असतं, दोघांनी माझी बाजू घेतली असती, आणि भांडण होऊन का होईना, मी त्या माणसांतला एक झालो असतो. इथं मला शरमेतही सोबत नव्हती. इतकं एकटं मला आधी कधी वाटलं नव्हतं, नंतरही नाही.

मग ड्रम सुरू झाले. छातीत धडधड बसत होती. दादासाठी मी मात्रा मोजायचा, ध्यानात ठेवायचा प्रयत्न केला, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मोजणी चुकली. संपल्यावर त्या माणसानं टेपरेकॉर्डर परत दिला, कॅसेटीसकट. माझ्यापेक्षा जास्त वेळा तोच वाकला.

ती कॅसेट मी नंतर ऐकली नाही. ट्रंकेच्या तळाशी टाकली. घरी परतताना दुकानातून त्याच लोकांची नवी कॅसेट घेतली, ती एका कोऱ्या कॅसेटीवर उतरवली आणि वर निळ्या पेनानं लिहिलं, 'दादासाठी'. खरं सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? पण जपानहून आलेल्या माणसानं तिथं हसं करून घेतलं हे सांगायला जीभ रेटेना. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशातली गत.

अंगणात शेजारपाजारचे जमले होते. दादानं कॅसेट लावली आणि खाली मान घालून एक पूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाला, "माणसं कुठं गेली?"

"तिथली माणसं लई शांत असत्यात दादा."

ही अर्धी खरी गोष्ट होती म्हणून लगेच सुचली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "बराबर," म्हणाला आणि कॅसेट काढून कोनाड्यात ठेवली.

त्यानंतर त्यानं जपानचं नावही काढलं नाही. बांधावर मिळालेली ती पहिली कॅसेटही लावणं बंद झालं. मी गावी गेलो की पाऊसपाणी, कपाशी, पोरांच्या शाळा, एवढंच बोलणं. आधी मला अपराधी वाटायचं, मग रागच यायला लागला. एवढ्या लांबून आणलं, दोन शब्द बोलायला काय होतं याला? मीही ताठलो. जालन्यात खोलीवर एकटाच वॉकमन लावून बसायचो, खाली रिक्षांचे भोंगे वाजत असायचे. अशी आठ वर्षं गेली, मधे माझं लग्नही झालं.

मग आम्ही जालन्यातच घर बदललं, तेव्हा बायकोनं ट्रंक उपसली आणि ती कॅसेट हातात देऊन विचारलं, ही ठेवायची का टाकायची? मी ती शर्टाच्या खिशात घातली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या एसटीनं पिंपळगावला गेलो.

दादा ओट्यावर सरकी निवडत बसला होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. टेपरेकॉर्डर, तांबडी फुली, काळ्या कपड्यांतला माणूस, दुकानातली कॅसेट. तो उठला. आत जाऊन जुना टेप घेऊन आला, हेड कापसानं पुसलं, सैल झालेली फीत पेन्सिल घालून ताणून घेतली आणि कळ दाबली.

पावलांचे आवाज आले. लांबून आकडे पुकारणारी बाई. कुजबूज, कोणाच्या तरी किल्ल्या. आणि मग अगदी जवळून माझा आवाज. मी काही बोललो होतो हे मी साफ विसरून गेलो होतो.

"दादा, ऐकू येऊन राह्यलं का? मी बिलकुल म्होरं उभा हाय. लई माणसं आल्यात. पण इथं कोणी बोलत न्हाई रे. तीन महिने झाले, माणसासंगं मराठीत आज बोलून राह्यलो, तेबी ह्या डब्याला तोंड लावून. मला करमत न्हाई दादा. तू पाह्यजे होता. थांब, आता सुरू व्हतंय…"

मग त्या माणसाचा हळू, अदबीचा आवाज. मग खट्ट. पुढे नुसती खरखर.

मला दादाकडे बघवेना. मी सरकीकडे बघत राहिलो.

"ती दुकानातली हाय हे मला त्याच दिवशी कळल्तं," दादा म्हणाला. "मला वाटल्तं, तू गेलाच न्हाईस. आपलं काम इसरला अन् येताना इकत घेऊन आला."

"मंग इचारलं काऊन न्हाई? आठ वर्सं!"

"काय इचारू? तू 'न्हाई गेलो' म्हणला असता तर?"

दादानं कॅसेट मागे फिरवली आणि पुन्हा लावली. पावलं आली, आकडे आले, माझा आवाज आला. खट्ट झालं. "गेल्ता म्हणायचा तू," तो स्वतःशीच म्हणाला. नंतरची फीत कोरीच होती, पण त्यानं टेप बंद केला नाही. बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं ती खरखर ऐकत बसलो.