सोमवार करणारा कुत्रा

लेकराबाळांच्या घरात कोणत्या जातीचा कुत्रा आणावा, यावर माझी नातसून परवा तासभर बोलत होती. मी उठून आत गेले. तिचं काही चुकत नव्हतं, पण तो विषय निघाला की माझं तोंड कडू होतं. आमच्या घरी कुत्रा कसा निवडला ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याची किळस अजून गेलेली नाही.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जालन्यात आमचं भुसाराचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. मी दहा-अकरा वर्षांची, माझ्या पाठीवर दोन बहिणी आणि सगळ्यांत धाकटा चार वर्षांचा भाऊ. घर कडक शाकाहारी. कुणी अंड्याचं नुसतं नाव काढलं तरी आप्पा, म्हणजे आमचे वडील, उठून चूळ भरायचे. निजामाच्या चाकरीत मोठ्या हुद्द्यावर असलेली माणसं तेव्हा बंगले रिकामे करून हैदराबादेकडं चालली होती. त्यांचे गालिचे, आरसे, झुंबरं आमच्या व्यापाऱ्यांनी पटापट उचलली. ज्याच्या घरात झुंबर टांगण्याइतकं उंच छत नव्हतं त्यानंही झुंबर घेतलं आणि धान्याच्या कोठीत ठेवून दिलं. आप्पा जागे झाले तोवर एका बंगल्यात फक्त कुत्रे उरले होते. मग आपल्याला कुत्रा हवाच होता, असं त्यांना वाटायला लागलं.

निवडायला आप्पा, काका आणि दुकानाच्या गादीवर दिवसभर पान चघळणारे त्यांचे दोन दोस्त असे चौघं निघाले. मी आणि धाकटा हट्ट करून टांग्यात चढलो. बंगल्याचे साहेब म्हातारे होते, थकलेले होते. सामान बांधायचं सोडून ते बाहेर आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सेठ, घर में बच्चे कितने हैं?"

आप्पा म्हणाले, "हैं ना, बहुत हैं," आणि कुत्र्यांकडं वळले.

"बच्चों का घर है तो ये लेके जाओ," साहेब म्हणाले. त्यांनी लांब कानांची एक बुटकी तपकिरी कुत्री पुढं केली. धाकट्यानं तिचा कान धरून ओढला. तिनं ओढू दिला, वर त्याच्या पायावर हनुवटी टेकून बसली. कोपऱ्यात अल्सेशियनचं एक पिल्लू साखळी चावत होतं. त्याच्याकडं बोट करून साहेब म्हणाले, "वो बड़ा होके गोश्त मांगेगा. तुम्हारे यहाँ नहीं निभेगा."

एवढं स्वच्छ सांगितलेलं होतं. पण त्या चौघांचा खल सुरू झाला. मादी आहे, दर साल पिल्लं टाकील. कान कसे लोंबून राह्यले, शेळीवानी. हिला पाहून चोर घाबरंल का हसंल? मग काकांनी त्या पिल्लाला उताणं पाडून त्याची नखं मोजली. वीस भरली. वीसनखी कुत्रा म्हणजे दोस्तांच्या मते नशिबाचा ठेवाच. त्यानंतर आप्पांनी त्याच्या आईबापाची चौकशी केली, आपल्या बहिणीसाठी, म्हणजे आमच्या आत्यासाठी, स्थळ बघताना केली होती अगदी तशी. बाप कुठल्याशा नवाबाच्या शिकारीच्या ताफ्यातला निघाला. तिथंच सौदा पक्का झाला.

"गोश्ताचं काय?" एका दोस्तानं विचारलं.

"चव लागली तर मागंल ना," आप्पा म्हणाले. "आपल्या घरी वाढला की बराबर आपल्यावानी व्हईल."

शिकारी कुत्र्याचा पोरगा वाण्याच्या घरी वाढला की वाणी होईल, हे चार शहाणी माणसं माना डोलवत कबूल करत होती. धाकटा त्या तपकिरी कुत्रीचा कान सोडायला तयार नव्हता, त्याला उचलून टांग्यात घातलं.

घरी आईनं पिल्लाकडं पाहून एवढंच विचारलं, "लेकरांना चावणार न्हाई ना?"

काका हसले. "वहिनी, खानदानी हाय त्यो."

पिल्लू वाढलं. त्याला वरण-भाकरी, ताक, सणाला पुरणपोळी मिळायची. सोमवारी आप्पांचा उपास, म्हणून त्यालाही साबुदाणा. गादीवर पाहुणा आला की आप्पा सांगायचे, आमचा कुत्रा सोमवार करतो. पाहुणे तोंडात बोट घालायचे. काही बाया तर त्याच्या कपाळाला अंगारा लावून पाया पडून गेल्या. तो मान खाली घालून उभा राहायचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. आप्पांना त्या बरगड्यांत तप दिसायचं.

आता पुढचं लिहिताना शिसारी येते, पण लिहिते. तेव्हा गल्लीतली लेकरं सकाळी नालीच्या कडेला बसायची. आमचा खानदानी कुत्रा त्यांच्या मागं जाऊन उभा राहायचा आणि लेकरू उठलं की तिथली जागा चाटून साफ करायचा. मग घरी येऊन त्याच तोंडानं धाकट्याचे गाल चाटायचा. आईनं हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी ती न्हाणीत बसून ओकली. धाकट्याचं तोंड तिनं राखेनं घासलं, तो रडेपर्यंत घासलं.

त्या दुपारी ती आप्पांना म्हणाली, "जनावर उपाशी हाय. खायला घाला न्हाईतर ज्याला जमंल त्याला देऊन टाका. घरात लेकरं हायेत."

"उपाशी?" आप्पा म्हणाले. "तूप खाऊन राह्यला. तुला काय कळतं त्यातलं?"

खाटकाची आळी आमच्यापासून फार लांब नव्हती. त्या दिवसापासून कुत्रा साखळीला बांधलेला असायचा, पण एका सोमवारी साखळी तुटली. आप्पा पूजेला बसलेले, आई चुलीशी, आणि कुत्रा बकऱ्याचं हाडूक तोंडात धरून मागच्या दारानं आत आला. मांस लोंबत होतं, ओसरीभर रक्ताचे थेंब. तो देवघरासमोरच्या थंड फरशीवर आडवा झाला आणि फोडायला लागला. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. धाकटा खेळणं समजून त्याच्याकडं गेला आणि त्यानं हाडकाचं टोक धरलं.

कुत्र्यानं एकदाच तोंड मारलं. धाकट्याचा पंजा फाटला, करंगळी लोंबायला लागली. आईनं धावत येऊन पदर फाडून हात गुंडाळला.

मी आप्पांकडं पाहत होते. ते हाडकाकडं पाहत होते. "देवघरापुढं!" एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. मग धावपळ सुरू झाली. दुकानासमोर शहागडला निघालेला ट्रक उभा होता. काकांनी कुत्र्याच्या गळ्यात दोरी टाकून त्याला ओढत नेलं आणि ट्रकमध्ये चढवलं, गोदावरीच्या पल्याड नेऊन सोड म्हणून ड्रायव्हरला सांगितलं. हाडूक चिमट्यानं बाहेर गेलं. मग घागरींनी पाणी आलं, गोमूत्र आलं, फरशी तीन-तीनदा धुतली गेली. त्यातच माझ्या भावाचं रक्तही वाहून गेलं. आई दारात लेकरू घेऊन टांगा मागत होती आणि आप्पा सांगत होते, थांब, आधी घर शुद्ध होऊ दे.

शेवटी ती अनवाणीच रस्त्यावर उतरली, तेव्हा आप्पा टांगा घेऊन आले. मीही चढले. वाटेत त्यांनी ठरवून टाकलं, "दारात हात सापडला म्हणायचं. हाडूक घरात आल्तं हे गावात कळलं तर कुणी आपल्या घरचं पाणी पिणार न्हाई." धाकट्यालाही त्यांनी ते पढवलं. हुंदके देत ते पोरगं म्हणत होतं, दारात सापडला, दारात सापडला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली. "काय झालं?"

"दारात सापडला," आप्पा म्हणाले.

आई परपुरुषासमोर कधी तोंड उघडायची नाही. त्या दिवशी तिनं डोक्यावरचा फाटका पदर तोंडावर ओढलाही नाही. "कुत्रं चावलं," ती म्हणाली. "घरचं. तोंडात बकऱ्याचं हाडूक होतं, लेकरानं धरलं म्हणून चावलं."

डॉक्टरांनी आप्पांकडं एकदा पाहिलं. जखम धुऊन झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. इंजेक्शनं आजच सुरू करायची, रोज एक, अशी चौदा, पोटात, बेंबीच्या बाजूला. मोठी सुई असते, लेकराला फार दुखेल. पण कुत्रा घरचा आहे हे बरं. त्याला बांधून ठेवा, खायला घाला, नजर ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिला तर तो पिसाळलेला नव्हता असं समजायचं, मग आपण सुया थांबवू.

आई आप्पांकडं वळली. ट्रक एव्हाना वाटेतल्या अंबडच्याही पुढं गेला असणार.

"कुत्रा कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

मीच सांगितलं, गोदावरीच्या पल्याड सोडायला पाठवला.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "मग सगळीच घ्यावी लागतील," असं म्हणून त्यांनी सुई उकळायला ठेवली.

धाकट्याला टेबलावर निजवलं. त्याला काय होणार ते कळलं आणि तो पाय झाडायला लागला. आईनं त्याचा सदरा वर केला, दोन्ही हात धरले आणि आप्पांना म्हणाली, "पाय धरा."

आप्पांनी पाय धरले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"तिकडं न्हाई," आई म्हणाली. "इकडं बघून धरा."