जोड ऐकू येता कामा नये

टेप कापण्याच्या धंद्यात किस्से साठतातच. जेवढी टेप मशीनवर राहते, जवळजवळ तेवढीच तुकडे होऊन टेबलाखाली पडते! तुकडे झाडूबरोबर गेले, किस्से तेवढे माझ्याजवळ राहिले.

दुकान ठाण्याला, दामूअण्णांचं. लग्नाकार्यात लाऊडस्पीकर भाड्याने देणं आणि रेडिओ दुरुस्ती. स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी अण्णांनी मुंबईहून एक जुना टेपरेकॉर्डर आणला आणि आम्ही एकदम रेकॉर्डिंगवाले झालो. मी डोंबिवलीहून यायचो. नको असलेला भाग दाढीच्या ब्लेडने कापायचा आणि उरलेली टोकं चिकटपट्टीने जोडायची, हे माझं काम. ऐकायला सोपं! पण जोड मशीनवरून सरकला की स्पीकरमधून आवाज यायचा, टक्!

अण्णांचा हुकूम एकच. "जोड ऐकू येता कामा नये. ऐकू आला, तर तुझी नोकरी मी कापीन!"

*

पहिलं मोठं काम म्हणजे सबनीस गुरुजींचं व्याख्यान. गुरुजी निवृत्त हेडमास्तर, विद्वान, पण वाक्यावाक्याला खोकायचे. मी सगळे खोकले कापले आणि ऐटीत टेप लावली. अण्णा मागच्या खोलीत जेवत होते.

टक्! "आलो, आलो," म्हणत अण्णा उष्ट्या हाताने आले आणि दार उघडलं. कोणी नाही. घास घेतला, तोच पुन्हा टक्! पुन्हा दार उघडलं, पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा दारात खरोखरच पोस्टमन उभा.

"मघापासून काय ठोठावताय हो सारखं?" अण्णा कडाडले.

"अहो, मी आत्ताच आलोय!"

*

यावर उपाय सापडला तो अण्णांच्या बायकोला, माईंना. मी टेप सरळ आडवी कापायचो. माई शेजारी शंकरपाळे कापत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, तिरकी कापून बघ की. सरळ कापलीस तर धक्का बसणारच."

कापली. एक आवाज सरकत दुसऱ्यात मिसळला, टक् अर्ध्यावर आलं! अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी माईंचं कातणंच उचललं आणि स्वतः एक जोड कापला. टेपच्या टोकाला करंजीसारखी नक्षी आली. पुढचे पाच दिवस माईंनी आम्हाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं.

*

तरीही अर्धं टक् उरलंच. मी ब्लेड बदललं, चिकटपट्टी बदलली, अण्णांनी मला बदलायचं बोलून दाखवलं. मला खरंच झोप लागेना.

आमच्याकडे लाऊडस्पीकर लावायला बाळाराम होता, कोपरजवळच्या गावातला आगरी. एक दिवस तो माझ्या टेबलाजवळ टाचणी शोधत आला आणि हसायलाच लागला. "आरं, तुझे ब्लेडला बघ, सगल्या टाचन्या हितं चिकटल्यान!"

ब्लेड हरवू नये म्हणून मी ते रोज एका फुटक्या स्पीकरच्या लोहचुंबकाला चिकटवून ठेवायचो. किती सोयीचं! ब्लेडमध्ये चुंबक उतरलेलं, आणि टेप ही चुंबकाचीच करामत. म्हणजे प्रत्येक कापाबरोबर ते टक् मीच टेपवर लिहीत होतो. बरं, ही सोय सुचवली कोणी? अण्णांनी!

"ते जाऊ दे," अण्णा म्हणाले. "बाळाराम, तू चहा घे."

*

मग मी शहाणा झालो आणि बोलण्याच्या मध्ये, श्वासाच्या जागी कापायला लागलो. त्यात सबनीस गुरुजींचे श्वासच उडाले. व्याख्यान ऐकताना आमचाच जीव गुदमरायला लागला. गुरुजींचा सुटा श्वास कुठे मिळेना, म्हणून मी एका गाणाऱ्या बाईंच्या टेपमधला एक छान, मोठा श्वास तिथे बसवला. टक् नाही, काही नाही. अण्णा खूश, गुरुजीही खूश.

गुरुजींच्या बायकोने मात्र टेप थांबवायला लावली. "हा श्वास कोणाचा?"

"माझाच असणार गं," गुरुजी म्हणाले.

"चाळीस वर्षं शेजारी ऐकतेय. हा तुमचा नव्हे!"

*

शेवटचा किस्सा आमच्या डोंबिवलीच्या शेजाऱ्यांचा, दातारांचा. त्यांचा श्रीकांत इंजिनिअरिंगला जर्मनीत गेलेला, शेवटचं वर्ष. तिथे त्याच्या मित्राकडे टेपरेकॉर्डर होता, म्हणून काकांनी ठरवलं की या खेपेला पत्राऐवजी आवाज पाठवायचा.

दातारकाकू माइकसमोर बसल्या. त्याच्या ताईचं ठरत आलेलं लग्न, परसातला फणस, सगळं छान बोलल्या. मग "जेवतोस ना रे वेळेवर?" म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. सावरल्या, बोलल्या, पुन्हा रडल्या. असं चार ठिकाणी.

काकांनी मला बाजूला घेतलं. "रडणं काढून टाक. त्याने ऐकलं तर परीक्षा टाकून पहिल्या बोटीने परत येईल. आणि टक् ऐकू आलं तर काहीतरी कापलंय हे त्याला लगेच कळेल. त्याला मशीनमधलं कळतं!"

मी दोन दिवस त्या चार जोडांवर बसलो. अण्णांनी स्पीकरला कान लावून तीनदा ऐकलं आणि विचारलं, "जोड कुठे आहेत?" इतकं चांगलं काम मी पुन्हा कधी केलं नाही. काकूंनीही सगळी टेप ऐकली. "छान झालंय," एवढंच म्हणाल्या.

दोन महिन्यांनी श्रीकांतची टेप आली. ऐकायला सगळे दुकानात जमलो.

"आई, मी अगदी मजेत आहे." टक्! "इथे थंडी आहे, पण कोट चांगला आहे." टक्! "तुझा आवाज ऐकला..." टक्! "अभ्यास उत्तम चाललाय."

एकूण सात वेळा. एक टक् सहन न होणारे अण्णा ते बोटांवर मोजत होते. काका चष्मा काढून पुसत होते आणि तो काही पुसून होत नव्हता. मला तर कुठे बघावं ते कळेना.

"काकू, पुन्हा लावू का?" मी विचारलं.

"नको," काकू म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि माइकसमोर बसल्या. "आता माझं घे. आणि या वेळी कापू नकोस रे."