सायकलवरून येवला: शालनला एक गोष्ट विचारायला

नाशिकहून येवल्याला एसटी आहे, तीन-सव्वातीन तासांत सोडते. मी सायकलनं गेलो आणि दीड दिवस घालवला, तोही शक्य तिथं हमरस्ता टाळून. कारण सरळ सांगतो. एसटीनं गेलो असतो तर दुपारीच शालनच्या दारात उभा राहिलो असतो आणि तोंडातून शब्द फुटला नसता. काय बोलायचं ते ठरवायला मला वेळ हवा होता. माघात तिचं लग्न होतं, कोपरगावच्या एका मुलाशी. मला तिला एवढंच म्हणायचं होतं: नाही म्हण, आणि माझ्याबरोबर चल.

शालन माझ्याच वर्गात होती. पंचवटीत मामांकडे राहून शिकायची. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर मामांनी तिला एका दिवसात येवल्याला धाडलं, आणि त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं. तेव्हापासून रविवार कारंज्याजवळ एका सायकलच्या दुकानात कामाला आहे. लग्नाची बातमी तिच्या मैत्रिणीनं दिली, ती चाकात हवा भरायला आली होती तेव्हा. हवा भरता भरता मी तिची ट्यूब फोडली.

आई म्हणाली, "पौषात कुठं निघालास?"

"फिरायला."

"फिरायला जाणाऱ्याचं तोंड असं असतं होय?"

एकोणऐंशीची थंडी होती. सामान थोडं घ्या: पंप, पंक्चरची पेटी, चादर, स्वेटर, दोन वेळच्या दशम्या. मी एक जुना फडका न्यायला विसरलो. तुम्ही विसरू नका.

उजाडायच्या आत पंचवटी सोडली. आडगाव नाक्यापर्यंत दूधवाल्यांच्या सायकली समोरून येतात, दोन्ही अंगांना किटल्या लटकवलेल्या, आणि ते कुणासाठीही बाजूला होत नाहीत. पुढे माडसांगवी, शिलापूर, ओढा. तासाभरात चार ट्रक आणि एक एसटी, बाकी रस्ता आपला. चांदोरीला पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. इथं नदीच्या पात्रातच जुनी दगडी देवळं आहेत, पाणी उतरेल तशी वर येतात. मी पाहिली तेव्हा ती निम्मी बुडालेली होती. एका देवळाच्या दारात मेलेलं वासरू अडकलं होतं आणि त्याच्यावर कावळे. लोक हे बघायला लांबून येतात म्हणे. मी पाच मिनिटांत निघालो.

चांदोरीहून पूल ओलांडला की सायखेडा. मोठं गाव, नदीला लागून. एका हॉटेलात चहा सांगितला. समोरच्या बाकड्यावर तीन शेतकरी बसले होते.

"कुठून म्हनायचं?"

"नाशिक."

"आन् निघाले कुठं?"

"येवला."

"सायकलवर? येष्टीवाल्यानं खाली उतरवलं का काय?"

दुसरा म्हणाला, "हौस आसती रे. शहरातलं पोरगं हाय."

तिसरा म्हातारा होता. त्यानं मला नीट न्याहाळलं. "हौस नाय. तोंड बघ की. रुसलेली बायको आनायला चाल्लंय."

सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो.

"पैशे तर देऊन जा, जावईबापू!"

पैसे बाकड्यावर आपटले आणि निघालो. पुढचा मैलभर त्या म्हाताऱ्याला मनात शिव्या घालत होतो.

पण ज्याच्यासाठी हे लिहितोय तो रस्ता इथूनच सुरू होतो. सायखेड्याहून भेंडाळी, म्हाळसाकोरे करत नांदूर मधमेश्वर. डांबर ठिकठिकाणी उखडलेलं, दोन्हीकडे बाभळी, मधूनच नदीचा वास. दीड तासात मोटार म्हणून दिसली नाही. फक्त उसाच्या बैलगाड्या. चाकाचा आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकत जायचं. मी माझं भाषण मोठ्यानं म्हणत होतो. "शालन, तुझ्यावर जबरदस्ती होतेय हे मला माहीत आहे." कांदे लावणाऱ्या बायका कमरेतून उठून बघायच्या. एका ठिकाणी ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या होत्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कमरेएवढ्या उंचीच्या. सुरगाण्याकडची माणसं. एक माणूस गाडीखाली तापानं फणफणत पडला होता. त्याच्या बायकोनं विचारलं, डॉक्टर कुठं भेटेल? मी म्हणालो, सायखेड्याला. ती म्हणाली, तिथं बाजाराच्या दिवशी येतो, अजून चार दिवस आहेत. मी तिला दोन दशम्या दिल्या आणि निघालो. सायकलवर त्याला मागं बसवून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेता आलं असतं. हे मला फार पुढे गेल्यावर सुचलं.

नांदूर मधमेश्वरला बंधारा आहे, आणि थंडीत तिथं इतके पक्षी उतरतात की पाणी दिसत नाही. बंधाऱ्यावरच्या चौकीदारानं मला देवळाच्या ओवरीत पथारी टाकू दिली आणि बाजरीची भाकरी, वर लसणाची चटणी दिली.

"पक्षी बघायला आला का?"

"नाही."

"बरं केलं. बघनारे आधी दगड मारत्यात. मंग म्हनत्यात, काय सुंदर उडाले!"

सूर्य बुडाला तसा गारठा ओवरीत शिरला. थकव्यानं लगेच झोप लागली.

दुसऱ्या दिवशी बंधारा ओलांडून विंचूरचा रस्ता धरला. विंचूरला जुनी वेस आहे, आत मिसळ झणझणीत मिळते. तिथून येवल्यापर्यंत सपाट माळ आणि समोरून वारा. अंगणगावच्या अलीकडे चेन उतरली. हातानंच चढवली आणि काळे हात तसेच घेऊन पुढे सुटलो. येवला दिसायला लागलं होतं. संक्रांत दोन दिवसांवर होती, गावाच्या वर आभाळभर पतंग, आणि गच्चीगच्चीवर पोरं मांज्याच्या आसाऱ्या, म्हणजे फिरक्या, फिरवत ओरडत होती.

शालनचं घर विणकर गल्लीत. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. त्याच्यावर शालन बसली होती. बायका कांड्यांवर रेशीम गुंडाळतात, मागावर पुरुष बसतात, असं तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणून क्षणभर ओळखलंच नाही.

"शालन."

तिनं मान वर केली नाही. दोन्ही हातांत रेशमाच्या बारीक बारीक कांड्या होत्या, मोराच्या मानेचा हिरवा चालू होता. "थांब," म्हणाली. "ओळ पुरी होऊ दे."

दीड दिवस पाठ केलेलं माझ्या डोक्यात उसळलं. मी पुढे झालो. "तुझ्यावर जबरदस्ती होतेय हे मला माहीत आहे."

"अशोक, थांब म्हणते ना."

"बघ तरी माझ्याकडे!" असं म्हणून मी विणलेल्या पदरावर हात ठेवला. ठेवला म्हणजे आपटला.

उचलला तेव्हा सोनेरी जरीवर चार काळी बोटं आणि तळवा. शालननं आता माझ्याकडे पाहिलं.

आतून तिचे वडील आले, बापू. त्यांनी आधी पदर पाहिला, मग माझे हात. "हा कोण?"

"नाशिकचा. अशोक," शालन म्हणाली.

ते नाव त्यांना माहीत होतं. ते दोन पावलं पुढे आले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. आतल्या दारातून तिच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, पोरीचा स्वतःचा पदर!"

तेव्हा कळलं. ती पैठणी कुणा गिऱ्हाइकाची नव्हती. तिच्याच लग्नाची होती.

"हा पदर विणायला मीच बापूंकडे मागितला," शालन म्हणाली. "या घरात जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नाचं विणलंय. म्हटलं, एक माझा मी विणीन."

बापूंनी मला रॉकेल दिलं, मग राख, मग रिठ्याचं पाणी. तीनदा हात धुवायला लावले, नखं तपासली. मग माझ्या हातात बारीक कात्री दिली. "वीतभर उसवायचंय. बस. ताणा तुटला तर मग बघ."

असा मी तिच्या शेजारी बसलो. जरीची तार मोकळी करायची, आडवा बाणा ओढायचा, उभा ताणा जपायचा. तीन आठवड्यांचं विणलेलं आम्ही दुपारभर उसवत होतो. तिची बोटं सराईत, माझी सारखी धाग्यात अडकत. गल्लीत कुणाचा तरी पतंग कापला गेला की आरोळी उठायची. बापू भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून, पण झोपले नव्हते.

मी हळूच म्हणालो, "तुझ्यासाठी मी कॉलेज सोडलं."

"मी सांगितलं होतं?"

"वर्गातल्या त्या पोरानं तुझी छेड काढली म्हणून..."

"त्यानं माझ्या वहीवर काहीतरी लिहिलं. मी ते पान फाडून टाकलं होतं, संपलं होतं. तू गेटवर सगळ्यांसमोर त्याला माझं नाव घेऊन मारलंस. संध्याकाळी मामांच्या दारात चार माणसं विचारायला आली, कोण हा अशोक. दुसऱ्या दिवशी माझी पेटी बांधली." ती विणीतून जरीची तार ओढत होती, आवाज जराही चढला नव्हता. "तुझं कॉलेज तू सोडलंस. माझं तू घालवलंस."

"लग्नाला तू हो म्हणालीस?"

"हो. कोपरगावला कॉलेज आहे. मी सासरच्यांना विचारलं, पुढे शिकू द्याल का. ते म्हणाले, बघू. तू तर कधी विचारलंही नाहीस." मग म्हणाली, "तो धागा सोड. ताण्याचा आहे."

काकूंनी भाकरी आणि कांद्याच्या पातीची भाजी वाढली. मागासमोरच बसून जेवलो. निघताना शालननं पदराकडे बघत सांगितलं, "आता जमेल तेवढाच होईल. आखूड तर आखूड." दाराशी बापू म्हणाले, "सायकल एसटीच्या टपावर टाका. अंधाराचं जाऊ नका." अहो-जाहो केलं मला. ते सगळ्यात जास्त लागलं.

एसटीच्या टपावर सायकल चढते, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडतो, तुम्हीही परतताना तसंच या. खिडकीतून रस्ता उलटा दिसतो आणि सगळा ओळखीचा वाटतो, एवढंच.

घरी आलो. आईनं विचारलं, "काय बघितलंस?" मी म्हटलं, पक्षी.

जायचं असेल तर जरूर जा. सायखेडा ते नांदूर मधमेश्वरसारखा निवांत रस्ता नाशिकजवळ दुसरा नाही. दोन दिवस काढा, वारा सकाळी कमी असतो.

माझ्याजवळ काय राहिलं, ते लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. दुकानात कुणी कॉलेज का सोडलं असं विचारलं की मी येवल्याहून आल्यावरही तीच गोष्ट सांगायचो, एका मुलीसाठी गेटवर एकाला कसा बदडला त्याची. माणसं पाठ थोपटायची. आता सांगत नाही. कारण त्या दिवशी गेटवर मी हात उगारला तेव्हा शालन माझ्या मागेच उभी होती. ती "नको" म्हणाली होती. दोनदा. मला ते नीट ऐकू आलं होतं.