मावसाजींची पेन्सिल

यवतमाळ जिल्ह्यात जन्माला आलेल्या प्रत्येक माणसाची हनुवटी दोन बोटांत धरून निदान एकदा तरी डावीकडे वळवलेला असा एकच माणूस या जगात होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे मावसाजी. माझ्या मावशीचे यजमान. जिनिंगच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि मी हाक मारायचो म्हणून रस्त्यावरचे सगळेच त्यांना मावसाजी म्हणत. हनुवटी वळवायची त्यांना इतकी सवय की कॅमेरा खाली ठेवला तरी बोटं थांबत नसत. एकदा ताप आला तेव्हा तपासायला आलेल्या डॉक्टरांचीच हनुवटी त्यांनी अंथरुणातून हात वर करून वळवली आणि "हलू नका" म्हणून दम दिला. डॉक्टर बिचारे खरंच हलले नाहीत. मावशी सांगायची, "लग्नात अंतरपाट सरकला, मी हार घेऊन उभी, अन् यायनं पयले माही हनुवटीच धरली. मले वाटलं, लग्नाआधीच मारते का काय हा मानूस!"

स्टुडिओत एक काळा कोट होता. एकच. मावसाजींचा नियम असा की त्यांच्या कॅमेऱ्यासमोर कुणी बिनकोटाचं बसायचं नाही. बारीक माणूस असला की पाठीकडून कोट चिमटे लावून आवळायचा, जाडा असला की पाठीची शिवण उसवून पुढून तेवढी बटणं लावायची. पुढून पाहावं तर बॅरिस्टर, मागून पाहावं तर वाळत घातलेले कपडे. त्या काळी कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी जिनिंगं आमच्या गावात जोरात चालत. कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकापासून थेट नाक्यापर्यंत लागायची. कामगारांच्या गेटपासचे फोटो मावसाजींकडे असायचे, त्यामुळे पोती उचलणारे हमालसुद्धा पासावर कोटात. खाली लुंगी, पण ती पासात येत नव्हती.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे पेन्सिल. फोटो धुऊन झाला की मावसाजी टोकदार पेन्सिल आणि नखाएवढा ब्रश घेऊन बसत आणि माणसाच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती, एकेक पांढरा केस गायब करत. चाळीस वर्षांत त्यांनी जिल्ह्यात सुरकुती म्हणून शिल्लक ठेवली नाही. राळेगावचे एक आजोबा पेन्शनच्या अर्जाला लावायला फोटो काढून घेऊन गेले, तर कचेरीतल्या साहेबांनी त्यांना परत पाठवलं. म्हणाले, अर्ज ज्यांचा आहे त्यांचा फोटो आणा, नातवाचा चालत नाही. आजोबा तणतणत स्टुडिओत आले. मावसाजी शांतपणे म्हणाले, "त्या सायबालेच धाडून द्या इकडं. त्याचाही काढतो. मंग नाही म्हननार तो."

मग कापसाचे दिवस फिरले आणि जिनिंगं एकामागून एक बंद पडू लागली. भोंगा वाजेना, बंड्या येईनात. माणसं सुरतेला, पुण्याला, कुठं कुठं पांगली. स्टुडिओत माशा बसू लागल्या. दुसरा कुणी असता तर हात चोळत बसला असता. मावसाजींनी कॅमेरा सायकलला अडकवला आणि बंद जिनिंगांचे आणि तिथं मागे राहिलेल्या माणसांचे फोटो काढायला निघाले. मी बाभुळगावला मास्तर. दर रविवारी एसटीने येऊन त्यांच्याबरोबर हिंडायचो. पण पडक्या इमारतीचा फोटो काढायचा तरी ह्यांची पद्धत बदलेल तर शपथ! आधी खराट्याने अंगण झाडायचं, गवत उपटायचं, गंजलेल्या यंत्रावर ओलं फडकं मारायचं, चौकीदाराला पावडर लावायची. मला मास्तरकी सोपी वाटू लागली. नागपूरहून एक गृहस्थ आले होते. त्यांना प्रदर्शनासाठी उजाड गावाचे फोटो हवे होते. मावसाजींचे फोटो पाहून ते हिरमुसले. "अहो, हे बंद पडलंय असं वाटतच नाही!" मावसाजी चिडले. "पाव्हना येनार म्हटल्यावर तुमी घर झाडत नाही काय?"

अशातच बातमी आली की आमच्या रस्त्यावरच्या शेवटच्या जिनिंगातला गाठी बांधायचा प्रेस भंगारात निघाला, सोमवारी ट्रक येणार. मावसाजींनी रविवारी सगळ्यांना ग्रुप फोटोसाठी बोलावलं. सगळे म्हणजे उरलेले नऊ जण. प्रेससमोर खुर्च्या, मागे बाक. नऊ माणसं आपसूक एकमेकांना चिकटून उभी राहिली, तशी मावसाजी ओरडले, "जागा सोडा, जागा! जे गेले ते कुठं उभे राह्यतीन?" त्यांचा बेत असा होता की पांगलेल्या सगळ्यांचे गेटपासचे फोटो कापून मागच्या रांगेत चिकटवायचे. लग्नात एखादा मामा गैरहजर असला की ते असंच करत. त्या दिवशी मात्र हजर नऊ आणि गैरहजर एकवीस. चौकीदार जरा डावीकडे सरकला तर मावसाजी खेकसले, "अबे, पांडुरंगाच्या पायावर उभा हायेस तू!" चौकीदाराने दचकून पाय उचलला आणि पांडुरंग पुण्याला असूनही त्याची माफी मागितली.

सुमनबाई मागच्या बाकावर चढून उभी राहिली, शेजारी एक माणूसभर जागा सोडून. जिनिंगात तिने वीस वर्षं कापूस निवडला. तिचा नवरा देवराव ह्याच प्रेसवर होता. पहिल्यांदा जिनिंग बंद पडलं तेव्हाच तो सुरतेला गेला. दोन चिठ्ठ्या आल्या, मग काही नाही. लग्न कळंबजवळच्या खेड्यातलं, फोटोवाला कोण बोलावतो? दोघांचा मिळून असा एक फोटो घरात नव्हता. तो आता व्हावा म्हणून ती सकाळीच नवं लुगडं नेसून आली होती.

पंधरा दिवस कापाकापी करून मावसाजींनी फोटो तयार केला. कोट एकच, तेव्हा हजर नऊ माणसं आपापल्या घरच्या कपड्यांत, आणि गैरहजर एकवीस जण मात्र त्याच एका काळ्या कोटात! चौकीदाराने तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाला, "जे गेले त्याईचं बरं झालं. सारेच्या सारे सायब झाले."

सुमनबाईने मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला. तिच्या शेजारी देवराव उभा होता, बावीस वर्षांचा, कोटातला, मावसाजींनी गाल गुळगुळीत करून दिलेला. ती म्हणाली, "हे तं माह्या पोरावानी दिसून राह्यले, मावसाजी. याईले थोडं म्हातारं करता येते काय?"

मावसाजींचा चेहरा असा झाला की जणू हलवायाकडे कुणी जिलबीत मीठ घालून मागितलं. "मी आजवर कोनाले म्हातारं केलं नाही बाई. त्यापरीस तुलेच विसाची करतो, आन इकडं." आणि त्यांनी पेन्सिल उचललीसुद्धा.

"मले काय करता? मी आरशात पायतोच हावो," ती म्हणाली. "पन हे कवा दारात येऊन उभे राह्यले, तं मी ओळखू कशी? आता कसे दिसत असतीन, ते पायजे मले."

मावसाजींनी पेन्सिलीला नवं टोक काढलं. मग त्यांनी तिला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "केस कुठून पिकले असतीन?" "कानापासून. त्याईच्या बापाचे तसेच पिकले होते." "कपाळाले आठ्या?" "दोन. चहात साखर कमी झाली का पडे." आयुष्यभर सुरकुत्या पुसणारा तो माणूस त्या दिवशी एकेक सुरकुती विचारून विचारून काढत होता, आणि मी शेजारी उभा राहून रडत होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतर दर वर्षी सुमनबाई फ्रेम घेऊन स्टुडिओत यायची, देवरावाला वर्षभराने वाढवून घ्यायला. मावसाजी मन लावून चार केस पांढरे करत आणि सवयीने तिची हनुवटी डावीकडे वळवत, जोड बरी दिसते का ते पाहायला.

यंदा ती आली तेव्हा मावसाजी नव्हते. मी सामान आवरायला म्हणून स्टुडिओ उघडला होता. तिला सगळं ठाऊक होतं, तरी ती फ्रेम मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. तिला नाही कसं म्हणायचं? मी ब्रश घेतला, श्वास रोखला आणि देवरावाच्या कानापाशी टेकवला. पांढरा रंग पसरला आणि अर्धं डोकं एकदम पिकलं. मी ओशाळून तिच्याकडे पाहिलं. तिने फोटो उजेडात धरला, पदराने कोपरा हळूच टिपला आणि म्हणाली, "राहू द्या, मास्तर. इतके काई म्हातारे झाले नसतीन ते."