कंसातला हशा

आमची ही तीस वर्षं नगरसभेत लघुलेखिका होती. सभागृहात सभासद बोलायचे आणि ही अध्यक्षांच्या पायरीखालच्या टेबलाशी बसून लिहायची. लिहिलेलं टाइप होऊन तीन मजले खाली छापखान्यात यायचं आणि तिथे मी ते लाल पेनाने तपासायचो. इतर नवरे बायकोचं ऐकतात, मी बायकोचं वाचत आलो, तेही पगार घेऊन.

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. मी नवा होतो तेव्हा माझ्या हातून एका पानावरचा कंस गळला. कंसात एकच शब्द होता, हशा. दुसऱ्या दिवशी एक किडकिडीत मुलगी ते छापील पान हातात धरून तीन मजले उतरून आली.

"या कंसाचं काय केलंत?"

मी म्हटलं, बाई, भाषणातला शब्द गेला असता तर गोष्ट वेगळी होती, हसण्यावाचून कुणाचं काय अडतंय? त्यावर तिने मला समजावलं की त्या सभासदाने 'आमचा कारभार स्वच्छ आहे' असं म्हटलं होतं आणि सगळं सभागृह हसलं होतं. कंस गेल्यामुळे ते वाक्य आता खरं वाटायला लागलंय. मी निमूटपणे शुद्धिपत्रक काढलं. वर्षभराने आमचं लग्न झालं.

हशा लिहिण्याचे हिचे नियम होते आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हते. दोघंतिघं खुदकन हसले तर तो हशा नाही. अध्यक्षांनी विनोद केला आणि त्यांचीच माणसं हसली, तर तो शिष्टाचार, तोही हशा नाही. एकाच बाजूची बाकं हसली तर तसं स्पष्ट लिहायचं: (विरोधी बाकांवर हशा). नुसतं (हशा) लिहायचं ते दोन्ही बाजू हसल्या तरच. त्यासाठी ती शॉर्टहँडच्या वहीत समासात ठिपके द्यायची. विरोधक हसले की डावीकडे ठिपका, सत्ताधारी हसले की उजवीकडे आणि अध्यक्ष हसले की वर. कुणाला हसू अगदीच आवरेना झालं तर ठिपक्याशेजारी दोन शब्दांची टीप. टाइप करताना ठिपके बघून कंस ठरायचा. हे ठिपके मला ठाऊक होते कारण मी तिचा नवरा. बाकी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

ती स्वतः सभागृहात कधी हसली नाही. सगळं सभागृह पोट धरून हसत असताना ही मान खाली घालून ठिपके द्यायची. तिला हसवायच्या पैजा मोठमोठ्या सभासदांनी लावल्या आणि हरल्या. संध्याकाळी घरी आली की मात्र पर्स खुंटीला लावायची, एक चप्पल काढायची आणि दुसरी काढता काढता सुरू व्हायची. आधी आवाज नसायचा, नुसते खांदे हलायचे. मग तेल न घातलेल्या दारासारखा एक बारीक आवाज यायचा. मग ती मिळेल त्या खुर्चीत बसायची आणि पाच मिनिटं कुणाला काही सांगू शकायची नाही. दुपारी साडेबाराचा विनोद आमच्या घरी संध्याकाळी साडेसहाला पोचायचा. आमच्या मुलीने शाळेत निबंध लिहिला होता, माझी आई हसण्याच्या ऑफिसात काम करते. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली, पण मला त्यात चूक काही दिसली नाही.

आणि मग नकल्या निवडून आला.

नकल्या म्हणजे गावातल्या छोट्या नाट्यगृहात दर शनिवारी पुढाऱ्यांच्या नकला करणारा माणूस. स्टूल, माइक आणि एक जुना कोट, एवढाच संसार. त्याने निवडणुकीत एकच वचन दिलं होतं: मी काहीही करणार नाही, पण ते वेळेवर करेन. लोकांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याला सभागृहात पाठवला. मी त्याला मत दिलं नव्हतं. जिथे माणसांच्या पाण्याचे आणि दवाखान्याचे प्रश्न सुटायचे तिथे विदूषकाचं काय काम, असं माझं मत होतं आणि ते मी जेवताना रोज सांगायचो. ही ऐकून घ्यायची आणि अजून थोडं वाढू का, एवढंच विचारायची.

पहिल्याच महिन्यात तो दवाखान्याच्या लिफ्टवर बोलायला उभा राहिला. ती लिफ्ट चौदा महिने बंद होती आणि त्यावर सहा गंभीर भाषणं आधीच झाली होती. ती सगळी मी तपासली होती, एकात जोडाक्षराचीसुद्धा चूक नव्हती. नकल्याने प्रशासनाचं अभिनंदन केलं. तो म्हणाला, रुग्ण ओळखायची ही फार सोपी पद्धत आहे, जो जिने चढून तिसऱ्या मजल्यावर पोचतो तो धडधाकट, त्याला घरी पाठवायचं, आणि जो पोचत नाही त्याला खाटच लागत नाही. (हशा). आठ दिवसांत लिफ्ट सुरू झाली. मग दिवसा जळणाऱ्या आणि रात्री विझणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल त्याने विचारलं की यांना दिवसपाळी कुणी लावली? (हशा). मग कुलूपबंद उद्यान, मग फक्त रविवारी उघडणारी तक्रारपेटी. आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाचे कार्यक्रम वाढले. आणि मीही, कबूल करायला हवं, प्रुफं तपासताना नकल्याचं पान वर काढून आधी वाचायला लागलो.

ज्यांना झोंबलं त्यांनी वर्षाच्या शेवटी ठराव आणला. सत्ताधाऱ्यांत एक सभासद होते, त्यांना आम्ही कर्मचारी हेडमास्तर म्हणायचो, कारण ते बोलताना बोट उगारायचे. त्यांनी वर्षभराची इतिवृत्तं मागवली, नकल्याच्या भाषणांतले कंस मोजले आणि आकडा मांडला: एक्केचाळीस. ज्या माणसाने पवित्र सभागृहात एक्केचाळीस वेळा हशा पिकवला त्याने सभागृहाची प्रतिष्ठा घालवली, सबब त्याचं सभासदत्व रद्द करावं. पुरावा म्हणून छापील पानं जोडली होती. ती पानं हिने लिहिली होती आणि मी तपासली होती.

त्या संध्याकाळी हिने दोन्ही चपला काढल्या आणि हसली नाही. म्हणाली, "माझ्याच कंसांनी त्या माणसाला बाहेर काढणार." मला तिचं तोंड बघवेना. मी नवरेपणाने एक तोडगा सुचवला. तिला पडताळणीसाठी सभागृहात उभं करणार होते, तेव्हा तिने एवढंच सांगावं की पंधरा-वीस ठिकाणी ऐकण्यात चूक झाली असेल. वय झालं, कान तसे राहिले नाहीत, कोण विचारतंय?

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"झालं ते लिहायचं. कुणाला चालेल, कुणाला नाही, ते बघायचं नाही. तीस वर्षं हेच केलं. आज एक कंस खोटा म्हटला तर उरलेले कुणी का खरे मानावेत?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी मीठ-पाण्यापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिला नगरसभेच्या जिन्यात नकल्या भेटला. ठराव आल्यापासून त्याने विनोद सोडले होते. कागद बघून सरळ भाषणं वाचायचा आणि सभागृह जांभया द्यायचं. तो हिला म्हणाला की बाई, तुम्ही खरं तेच लिहिलंत, माझा तुमच्यावर राग नाही, मी माफीचा मजकूर तयार केलाय. तो रागावला असता तर हिला बरं वाटलं असतं. घरी येऊन ती सरळ झोपायला गेली.

चर्चेच्या दिवशी मी नोकरीतली पहिली अर्धी रजा टाकली आणि प्रेक्षकांच्या गॅलरीत जाऊन बसलो. हिला साक्षीला बोलावल्यामुळे लिहायला तिच्या हाताखालची धाकटी लघुलेखिका बसली होती. ही वर्षभराच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवून उभी होती. इतक्या वर्षांत तिला सभागृहात उभं राहिलेलं कुणी पाहिलं नसेल. हेडमास्तरांनी बोट उगारून विचारलं की एक्केचाळीस हा आकडा बरोबर आहे का? ती म्हणाली, बरोबर आहे. पुढे तिने एक शब्द काढला नाही. विचारलं तेवढंच सांगायचं, हाही तिचा नियम. तिच्यासमोरच्या वह्यांत काय आहे हे त्या अख्ख्या सभागृहात आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि गॅलरीतून बोलायला मनाई होती.

अध्यक्षांनी नकल्याला विचारलं की निवेदन वाचण्याआधी साक्षीदाराला काही विचारायचंय का? तो माफीचा कागद हातात घेऊन उभा राहिला. कागदाकडे बघितलं, मग हिच्याकडे.

"बाई, स्टेजवर उजेड माझ्या तोंडावर असतो, समोरचं काही दिसत नाही. आणि इथे मी भीतीने मान वर करायचो नाही. जाण्याआधी एवढंच कळू दे. हसलं कोण?"

हिने अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी, सांगा की, असा हात केला. त्यांना काय कल्पना.

हिने पहिली वही उघडली आणि बाजारहाटाची यादी वाचावी तशा सुरात सुरुवात केली. "दवाखान्याची लिफ्ट. डावी बाजू, उजवी बाजू, अध्यक्ष. रस्त्यावरचे दिवे. डावी, उजवी, अध्यक्ष. तक्रारपेटी. डावी, उजवी. अध्यक्षांनी पाणी मागवलं." तिसऱ्याला मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तर म्हणाले की ही डाव्या-उजव्याची भानगड काय आहे? हिने शांतपणे नियम सांगितला: नुसता हशा म्हणजे दोन्ही बाजू, एका बाजूचा असता तर तसं लिहिलं असतं. म्हणजे एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वेळा दोन्ही बाजू हसल्या होत्या. जो तो आपापल्या आठवणी चाळत होता.

"उद्यानाचं कुलूप," हिने पान उलटलं. "डावी, उजवी, अध्यक्ष. ठराव मांडणारे सन्माननीय सभासद, रुमाल."

"रुमाल म्हणजे?" हेडमास्तरांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"डोळे पुसायला काढला होता, साहेब. पाच मिनिटं परत खिशात गेला नाही."

सभागृह फुटलं. डावी बाजू, उजवी बाजू, दारावरचे शिपाई, गॅलरी, सगळे. अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला आणि तो तिथेच राहिला, कारण त्यांनाही आवरेना. आणि त्या गोंधळात मला तो बारीक आवाज ऐकू आला, तेल न घातलेल्या दाराचा. खाली बघितलं तर ही वह्यांच्या गठ्ठ्यावर हात टेकून हसत होती. घड्याळात अजून साडेबारासुद्धा झाले नव्हते.

शेवटी अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हसणाऱ्यांना बाहेर काढायचं ठरलं, तर या ठरावाला मत द्यायला आत कोण उरणार?" हेडमास्तरांनी ठराव मागे घेतला. माणूस अगदीच वाईट नव्हता, मागे घेताना त्यांनी रुमालच काढला होता. नकल्याने माफीचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला की आता उभाच आहे तर विचारतो, त्या उद्यानाची किल्ली सापडली का?

विदूषकाने सभागृहात असावं की नसावं, यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण लिफ्ट चालू आहे. मागच्या महिन्यात गुडघ्यासाठी गेलो तेव्हा मीच तिसऱ्या मजल्यावर तिच्यातून गेलो.

तर त्या चर्चेची पानं दोन दिवसांनी माझ्या टेबलावर आली. धाकटीने लिहिलं होतं: (प्रचंड हशा. लघुलेखिकाही हसल्या.) शेवटचे दोन शब्द हिने स्वतःच्या हाताने खोडले होते. टेबलाशी बसणारी माणसं इतिवृत्तात नसतात, असा तिचा आणखी एक नियम. मी ते पान बराच वेळ समोर ठेवलं. हिचा एक कंस मी तरुणपणी गाळला होता, तो चुकून. आता खोडलेल्या शब्दांवर लाल पेनाने 'राहू द्या' लिहिलं, ते पूर्ण शुद्धीत. मला त्याचा पश्चात्ताप तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

छापील प्रत वर गेली त्याच दुपारी जिन्यात चपला वाजल्या. तीन मजले उतरून, पान हातात धरून, ही माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"या कंसाचं काय केलंत?"

मी म्हटलं, झालं ते लिहायचं, कुणाला चालेल न चालेल ते बघायचं नाही. ती म्हणाली की शहाणपणा पुरे, शुद्धिपत्रक काढा. मी खणातून कोरा फॉर्म काढला, तिच्यापुढे सरकवला आणि पेन दिलं. म्हटलं, चूक काय झाली ते तूच लिहून दे. 'लघुलेखिका हसल्या नाहीत' एवढं लिही आणि खाली सही कर.

तिने पेन उघडलं. फॉर्मवर नेलं. तसंच धरून राहिली. मग टोपण लावून पेन खाली ठेवलं.

आधी खांदे हलले. मग तो आवाज आला. छापखान्यातली सगळी माणसं कामं सोडून बघायला लागली आणि मी उठून तिला माझी खुर्ची दिली.