अण्णांचे बूट आणि खालची खोली

गेन्ट शहरात आम्ही दोघे भाऊ दिवसभर पायी फिरलो, त्याला आता वर्ष होईल. कुणी विचारलं की मी मोबाईलवरचे फोटो दाखवतो. कालवा, दगडी पूल, उंच मनोरे आणि कानटोपीतले अण्णा. थोरल्या भावाला परदेश दाखवलात, असं कोण करतंय आजकाल, असं लोक म्हणतात. मी मान हलवतो. ती मान हलवणं आता मला जड जाऊ लागलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मुलगी बेल्जियममध्ये नोकरीला आहे. तिच्या बाळंतपणासाठी बायको आधीच गेली होती. मी निघालो तेव्हा अण्णांना बरोबर घेतलं. अण्णा माझ्याहून बरेच मोठे. आमच्या शहराच्या वडगाव भागातल्या घरात खालच्या खोलीत दोन माग होते, ते अण्णांचे. वरच्या मजल्यावर ते, त्यांचा मुलगा आणि सून. मी शिकून नोकरीला लागलो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या घरात राहायला गेलो. मागाच्या धुळीनं अण्णांची छाती धरली होती. डॉक्टरांनी माग बंद करायला सांगितलं, तर अण्णा बाहेर येऊन म्हणाले, "मागानं काय हुत न्हाय रं. दवाखान्यात आलो की खोकला येतोय मला."

माग काढून टाकायचे, पण अण्णा समोर असताना कुणाची छाती होणार? तेव्हा मी पुतण्याला, अण्णांच्या मुलाला म्हणालो, मी त्यांना महिनाभर तिकडं नेतो, तेवढ्यात तू उरकून घे. पुतण्या आढेवेढे घेत हो म्हणाला. म्हणजे ही कल्पना माझीच.

अण्णांनी निघायच्या आधी एका मागावर साडी अर्धी विणून ठेवली होती. आमच्यात माग रिकामा ठेवत नाहीत. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की त्याची शेवटची टोकं, ती जिच्यातून ओवलेली असतात त्या फणीत तशीच राहू द्यायची आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडायचा. सांबऱ्याच्या विमानतळावर विमानात बसताना अण्णा म्हणाले, "अर्धी साडी ठिवून आलोय. म्हंजे माघारी यायलाच लागतंय." मी हसलो. हसू कसं आलं मला, कोण जाणे.

तर त्या दिवशी सकाळी गेन्टला उतरलो. मुलीनं वाटेतली ठिकाणं सांगून ठेवली होती. तिच्या घरून आगगाडीनं जवळच होतं. स्टेशनबाहेर आलो तोच पुतण्याचा मेसेज आला, "काका, माग न्यायला माणसं दुपारचं जेवण करून येणार आहेत. नको असेल तर अजून सांगा." तिकडं घरी तेव्हा दुपार व्हायला आली होती. अण्णा शेजारी उभे राहून ट्रामकडं बघत होते. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोबाईल खिशात टाकला.

त्यानंतर मी जे शहर बघितलं ते अर्धवटच. लहान लहान दगड बसवलेले रस्ते, कालव्याच्या काठाला एकमेकांना खेटून उभी घरं, त्यांच्या पायऱ्यापायऱ्यांची निमुळती माथी. मुलीनं सांगितलं होतं की हे शहर एके काळी कापडावर मोठं झालं. ते मी अण्णांना सांगितलं आणि लगेच पस्तावलो.

"मग माग कुठं हायत?" अण्णांनी विचारलं.

"आता न्हाईत, अण्णा."

"इणणारी माणसं?"

"ती बी न्हाईत."

"घरं मातुर झ्याक ठेवल्यात," असं म्हणून ते पुढं चालू लागले.

दर थोड्या वेळानं वाटायचं, अजून फोन करता येईल. पुलावर वाटलं. बाकावर बसून मुलीनं दिलेल्या दशम्या खाताना वाटलं. अण्णांनी चटणीची पुडी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "खा की. सकाळधरनं तोंड का पाडलंयस? पोरीच्या घरात भांडलास काय बायकोसंगं?" मी म्हणालो, झोप झाली न्हाय.

मग मोठं चर्च आलं. दारात अण्णा थांबले आणि मुलीनं घेऊन दिलेले नवे बूट काढू लागले.

"अण्णा, हितं काढत न्हाईत. ती बघा समदी बुटानंच जात्यात."

"जाऊ देत. देव कुणाचा बी असंना, पाय माझंच हायत की."

त्यांनी बूट भिंतीला टाच लावून जोडीनं ठेवले. लोक बघत होते. मला लाज वाटली आणि मी चार पावलं पुढं जाऊन उभा राहिलो, आम्ही बरोबर नसल्यासारखा. मागाच्या खोलीतही अण्णा कधी चप्पल घालून गेले नाहीत, कुणाला जाऊ दिलं नाही. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

आत दोरी लावून एकाच बाजूनं जायची वाट केली होती. ती आम्हाला मागच्या दारानं बाहेर घेऊन आली. अण्णा मोज्यांवर, आणि बूट इमारतीच्या पलीकडं. पाऊस भुरभुरून गेला होता, दगड ओले होते. अण्णा पायरीवर बसले आणि स्वतःवरच हसू लागले. "आण जा. न्हायतर गेलं असतील कुणाच्या तरी पायात."

मी वळसा घालून गेलो. बूट जिथल्या तिथं होते. ते हातात घेतले आणि खिशात मोबाईल थरथरला. पुतण्यानं फोटो पाठवला होता. रिकामी खोली, जमिनीवर तेलाचे दोन काळे चौकोन, भिंतीवर विजेची लोंबती वायर. खाली लिहिलं होतं, "झालं काका." भावाचे बूट छातीशी धरून मी त्या चौकात किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही.

परत येऊन अण्णांच्या पायाशी बसलो. त्यांना वाकलं की धाप लागते. पट्टा लावता लावता, बुटाकडं बघतच सांगितलं, "अण्णा, माग काढलं. आजच. मीच सांगितलं हुतं."

त्यांनी दुसरा पाय पुढं केला. तो बूट चढल्यावर म्हणाले, "साडी हुती मागावर."

"व्हय."

"लाव फोन."

मी फोन लावून दिला. पुतण्याचा आवाज मलाही ऐकू येत होता. तो वडिलांना आप्पा म्हणतो.

"आप्पा, तुमच्या छातीसाठीच..."

"ते असू दे. साडी काय केलास?"

"कापून घेतली. घडी घालून ठेवलीय कपाटात."

"टोकं ठेवलास फणीत?"

"फणी मागाबरोबरच गेली, आप्पा."

अण्णांनी मोबाईल दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "बरं. जेवलास काय?"

पुढचा सगळा रस्ता ते पुढं आणि मी मागं. मुलीनं सांगितलेला पूल बघायचा राहिला होता, तो त्यांनी बघितला. कठड्याला टेकून, पाण्याकडं बघत विचारलं, "माझ्या छातीसाठी काढलं म्हणतंय पोरगं. तुझं काय हुतं रं त्यात?"

हा प्रश्न मला बायकोनं विचारला नव्हता, पुतण्यानं नाही, मी स्वतःही नाही. सगळ्यांना छातीचं कारण पुरलं होतं.

"मला ती खोली पायजे हुती," मी म्हणालो. "रिटायर झाल्यावर ऱ्हायला. भाड्याच्या घरात मरायचं न्हाय म्हणून."

"मग इचारायचं हुतंस."

"तुम्ही न्हाय म्हटलं असतं."

"म्हटलो असतो की. मग भांडलो असतो दोघं. वरीसभर बोललो नसतो." ते थांबले, खोकले. "ते चाललं असतं मला."

त्या पुलावरचा फोटो नाही. बाकी सगळ्या ठिकाणचे आहेत.

खाली मी अजून राहायला गेलेलो नाही. नोकरीतून मोकळाही झालो, तरी नाही. अण्णा रोज सकाळी जिना उतरतात, उंबऱ्याबाहेर चपला काढतात आणि त्या रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून पेपर वाचतात. रविवारी मी जातो. मीही चपला बाहेर काढतो. सून चहा आणते. पेपरातून मान वर न करता अण्णा विचारतात, "मग, कधी येतोस खाली?"

दर रविवारी विचारतात. रागानं विचारतात की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची छाती होत नाही.